खवले मांजर भिंतीवर, नमनात आणि पोरांच्या वहीत: गावात राबवायच्या उपक्रमाची सविस्तर कृती

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, वन्यजीव सप्ताहात, शाळाशाळांतून चित्रकला स्पर्धा होतात. विषय ठरलेला, 'वन्यप्राणी वाचवा'. कागदांवर वाघ, मोर, हत्ती आणि मागे दोन डोंगरांमधून वर येणारा सूर्य. तीन बक्षिसं, एक फोटो, संपला सप्ताह. गावामागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, कोणता प्राणी संकटात आहे, तो रात्री परसात आला तर काय करायचं, फोन कुणाला लावायचा, यातलं काहीही ना मुलांना कळलेलं असतं ना पालकांना. असल्या स्पर्धांनी कुणाचं नुकसान होत नाही हे खरं, पण वन्यजीवांचा फायदाही होत नाही.

कला आणि शिक्षण यांचा संवर्धनाला खरा उपयोग व्हायचा असेल तर काम एका प्राण्यापुरतं, एका गावापुरतं आणि माणसांच्या एखाद-दुसऱ्या सवयीपुरतं आवळून घ्यावं लागतं. म्हणून हा लेख एकाच उदाहरणावर बेतला आहे: कोकणातलं, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातलं एखादं गाव आणि भारतीय खवले मांजर, म्हणजे अंगभर खवले असलेलं पँगोलिन (नावात मांजर असलं तरी ते मांजर नव्हे). तुमच्याकडे माळढोक असेल, सारस असेल, गिधाड असेल, तर तपशील बदला. क्रम हाच ठेवला तरी चालेल. आखणी जून ते फेब्रुवारी अशी आहे. शाळा जूनमध्ये उघडते आणि फेब्रुवारीचा तिसरा शनिवार हा जागतिक खवले मांजर दिन असतो.

प्राणी कोणता आणि गावाचा त्याच्याशी संबंध काय

खवले मांजर घेण्याची कारणं सांगतो. आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत भारतीय खवले मांजर संकटग्रस्त गटात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्ट १ मध्ये त्याचं नाव आहे. जगातल्या आठही जाती २०१६ साली साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट १ मध्ये गेल्या, म्हणजे त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला. तरी चोरटी शिकार चालूच आहे. मादी एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते, त्यामुळे मारलेल्या प्राण्यांची भरपाई लवकर होत नाही.

ही झाली पुस्तकातली कारणं. गावाला पटणारी वेगळी असतात. हा प्राणी वाळवी आणि मुंग्या खाऊन जगतो. आंब्याची कलमं, नारळाची रोपं वाळवीने गमावलेल्या बागायतदाराला त्याचं महत्त्व समजवायला व्याख्यान लागत नाही. दुसरं, रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन फार थोडं, बरीचशी झाडी खाजगी मालकीची. त्यामुळे बीळ असलेला उतार तोडायचा की ठेवायचा, वणवा लावायचा की नाही, डुकरासाठी फासकी (तारेचा फास) मांडायची की नाही, हे शेवटी गावातलीच माणसं ठरवतात. अशा ठिकाणी भिंतीवरचं चित्र आणि नमनातला, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्यातला, एक प्रवेश यांना नुसत्या शोभेपेक्षा जास्त किंमत येते.

या जिल्ह्यात वाट आधीच पडलेली आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून वेळास या किनाऱ्यावरच्या गावात समुद्री कासवांच्या घरट्यांचं काम केलं, २००६ पासून तिथे कासव महोत्सव सुरू झाला आणि गावात पाहुणे राहू लागले. हीच संस्था खवले मांजरावरही काम करते. चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात खवले मांजराची प्रतिकृती पालखीतून मिरवण्यात आली. ज्या गावात शिमग्याची पालखी घराघरांत जाते, तिथे पालखीत बसलेल्या जनावराला कोण हात लावणार? माझ्या मते अलीकडच्या काळातली ही सगळ्यात हुशार कल्पना आहे, आणि ती कुठल्याही जाहिरात कंपनीतून आलेली नाही.

जून-जुलै: माणसं, परवानगी, माहितीचा एक कागद

आधी पाच-सहा माणसांचा गट करा. त्यात शाळेतले एक गुरुजी किंवा बाई हव्यातच. सोबत नमन मंडळातला एखादा, बचत गटातली एखादी ताई, एक बागायतदार आणि जमलं तर पूर्वी शिकारीला जाणारा एखादा काका. शेवटचं नाव वाचून दचकू नका. जंगलाची खडान्‌खडा माहिती त्याच्याकडेच असते. तो तुमच्या बाजूने बसला की बाकीचे ऐकतात.

कागदोपत्री तीन गोष्टी करून घ्या: शाळा व्यवस्थापन समितीची संमती, ग्रामसभेचा ठराव (भिंत कुणाचीही असली तरी) आणि वनपालांना भेटून दिलेलं साधं पत्र. वनखात्याला सुरुवातीलाच सांगितलं नाही, तर पुढे प्राणी सापडल्यावर तुमचा फोन हा अनोळखी माणसाचा फोन ठरतो.

मग माहितीचा एकच कागद तयार करा, एका पानापेक्षा मोठा नको. चित्रकार, शिक्षक, शाहीर, सगळ्यांनी त्याच्यावरूनच काम करायचं. त्यात एवढं पुरे: तो काय खातो, कधी बाहेर पडतो (रात्री), घाबरला की काय करतो (अंगाचा गोळा करतो, पळत नाही, म्हणून तर सहज सापडतो), खवले कशाचे असतात (केराटिनचे, म्हणजे आपली नखं आणि केस ज्याचे तेच), आणि दिसला तर वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करायचा. शिक्षेची ओळही घाला: परिशिष्ट १ मधल्या प्राण्याच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये दंड. ही ओळ मुलांसाठी नाही, मोठ्यांसाठी आहे. मुलांच्या चित्रात बेड्या आणि तुरुंग काढून घेऊ नका.

काय बोलायचं नाही

हा भाग बहुतेक उपक्रमांत राहूनच जातो, म्हणून जरा रेंगाळतो.

किंमत सांगायची नाही. 'लाखोंची तस्करी', 'कोटींचा प्राणी' असे मथळे आपण रोज वाचतो. ते वाचून एका माणसाला हळहळ वाटते आणि दुसऱ्याला सड्यावरचं बीळ आठवतं. भिंतीवर, पोस्टरवर, नाटकात, भाषणात कुठेही रुपयाचा आकडा येता कामा नये. प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहण्याआधी त्यांनाही हे सांगून ठेवा. तेच बहुधा घोटाळा करतात.

जागा सांगायची नाही. मुलांनी बिळाचं चित्र काढलं तर ओढ्याचं, वाडीचं नाव लिहू देऊ नका. मोबाइलवर फोटो टाकताना ठिकाणाची नोंद बंद करा. आणि 'आमच्या गावात खवले मांजर दिसलं हो' अशी पोस्ट तर नकोच.

औषधाच्या, गंड्यादोऱ्याच्या समजुती सविस्तर सांगून मग खोडून काढायचा मोह टाळा. ज्याला माहीत नव्हतं त्याला नवं माहीत होतं, आणि खोडून काढलेलं लक्षात राहत नाही. 'खवला म्हणजे नख' एवढं एकच वाक्य शंभर वेळा वेगवेगळ्या सुरांत आलं तर पुरे. गुप्तधन, पैशाचा पाऊस असल्या थापा गावात आधीच पसरल्या असतील तर मात्र गप्प राहून चालत नाही. तिथे अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्यांना बोलवा, त्यांना हे जमतं.

प्रदर्शनात खरा खवला ठेवायचा नाही. उपक्रम सुरू झाला की एखादं पोर आजीच्या डब्यातून खवला घेऊन येणारच. तो बाळगणंही कायद्याने गुन्हा आहे. पोराला रागावू नका, वर्गात फिरवू नका, फोटो काढू नका. गुरुजींनी घरच्यांशी शांतपणे बोलावं आणि वनपालांच्या मदतीने तो जमा करावा. आधी ओळख करून घ्यायची ती यासाठीच.

आधी विचारा, मग शिकवा

काम सुरू करण्यापूर्वी गावाला काय माहीत आहे ते बघून ठेवा, नाहीतर फेब्रुवारीनंतर काय बदललं हे कळणारच नाही. लांबलचक फॉर्म नको. वीस-पंचवीस घरांत जाऊन तोंडी प्रश्न: हा प्राणी कोणता (चित्र दाखवून), तो काय खातो, परसात दिसला तर काय कराल, फोन कुणाला लावाल. उत्तर जसं येईल तसं, त्याच शब्दांत लिहा. 'धरून ठेवू, सकाळी बघू' असं कुणी म्हणालं तर तेही लिहा. तोंडावर चूक काढू नका. शक्य असेल तर हेच प्रश्न शेजारच्या, उपक्रम नसलेल्या गावातही विचारा. फरक पडला तर तो तुमच्यामुळे की बातम्यांमुळे, हे त्यावरून कळतं.

ऑगस्ट-सप्टेंबर: वर्गात वारूळ

परिसर अभ्यास, कला आणि कार्यानुभव यांच्या तासिका आहेतच. आनंददायी शनिवार असेल तर तो धरा. जादा तास मागितला की शिक्षक वैतागतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

पहिला धडा प्राण्याचा नको, वारुळाचा घ्या. शाळेच्या आवारातलं किंवा वाटेवरचं वारूळ दिवसाउजेडी लांबून बघायचं. उंची किती, माती कुठल्या रंगाची, कुठल्या झाडाशेजारी आहे, मुंग्यांची रांग कुठून कुठे जाते. वहीत रेखाटन. वारूळ उकरायचं नाही, भोकात काठी घालायची नाही. पावसाळ्यात वारुळाशेजारी साप असू शकतो, तेव्हा मोठं माणूस सोबत हवंच. खवले मांजर बघायला म्हणून मुलांना रात्री कुठेही न्यायचं नाही. हा नियम गटात कुणीही मोडायचा नाही.

दुसऱ्या आठवड्यात प्रश्न टाका: एवढी वाळवी खाणारा कुणी नसेल तर? इथे मुलांना बोलू द्या, आणि जमल्यास गटातल्या बागायतदाराला वर्गात आणा. कलमाच्या बुंध्याला वाळवी कशी लागते हे तो हातवारे करून सांगेल, त्याची सर तक्त्याला नाही.

मग चित्र. इंटरनेटवरून पहिला दिसेल तो फोटो घेऊ नका, तो बहुतेक वेळा आफ्रिकेतल्या किंवा आग्नेय आशियातल्या जातीचा असतो. भारतीय खवले मांजर काढताना एवढं पाहा: अंगावर आडव्या बाजूने मोजले तर खवल्यांच्या ११ ते १३ रांगा, खवले मोठे, रंग फिकट पिवळसर-तपकिरी. शेपूट रुंद, बुंध्याशी जाड. चेहऱ्यावर आणि पोटावर खवले नाहीत. कान इवलेसे. तोंडात दात नाहीत, त्यामुळे उघडा जबडा काढून त्यात सुळे दाखवणारं पोर वाघाची नक्कल करतंय हे ओळखा. पुढच्या पायांची नखं लांब, आत वळलेली. पिल्लू आईच्या शेपटीच्या बुंध्यावर बसतं; ही मुद्रा मुलांना सगळ्यात जास्त आवडते आणि भिंतीवरही तीच उठून दिसते.

स्पर्धा ठेवू नका. बक्षीस सुबक चित्राला जातं, आणि ज्याने खरोखर वारूळ पाहून वाकडंतिकडं काढलं तो मागे राहतो. त्याऐवजी सगळ्यांची चित्रं एका दोरीवर टांगा आणि प्रत्येकाने आपल्या चित्रातली एक खरी गोष्ट सांगायची असं करा.

ब्रश तपासा

वन्यजीवांसाठी चित्रं काढायची आणि ब्रश मुंगसाच्या केसांचा, असं आपल्याकडे नकळत होतं. मुंगसाला कायद्याचं संरक्षण आहे, त्याच्या केसांचे ब्रश विकणं आणि विकत घेणं गुन्हा आहे, तरी ते बाजारात येतात. ओळखायची खूण: केसाचं टोक गडद, मध्ये फिकट पट्टा, बुंध्याशी पुन्हा गडद. दुकानदाराला सरळ नायलॉनचे ब्रश मागा. मुलांनाही हा फरक दाखवा. पेन्सिल धरायच्या वयात कळलेली ही गोष्ट पुढे विसरत नाही, आणि आपण विकत घेतलेल्या वस्तूपासून शिकार किती जवळ असते हे त्यांना यातून आपोआप समजतं.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: विरीचं खवले मांजर

मिरवणुकीसाठी किंवा शाळेच्या ओट्यावर ठेवायला मोठी प्रतिकृती करायची तर थर्मोकोल आणू नका. पोफळीच्या वाळलेल्या विऱ्या (झावळीच्या बुंध्याचा रुंद, चिवट भाग) वाडीत पडलेल्या असतात, त्यांचा रंगही खवल्याच्या जवळचा.

बांबूच्या कामट्या रात्रभर पाण्यात भिजवून वाकवा आणि सुतळीने बांधून साधारण चार फुटांचा सांगाडा करा; निम्म्याला थोडी कमी लांबी शेपटीला द्या, नाहीतर घोरपड दिसते. त्यावर वर्तमानपत्राचे तुकडे मैद्याच्या खळीने चार-पाच थर चिकटवा. प्रत्येक थर वाळू द्या, घाई केली की आत बुरशी धरते. पाऊस पूर्ण थांबल्याशिवाय हे काम काढूच नका. विऱ्या ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ करा, पुठ्ठ्याचा नमुना ठेवून खवले कापा. तीन आकार लागतात: डोक्यावर लहान, पाठीवर मोठे, शेपटीकडे मधले. कापायचं काम मोठ्यांनी किंवा आठवी-नववीच्या मुलांनी करावं, विरीची कड बोट कापते.

लावताना सुरुवात शेपटीच्या टोकापासून. छपरावर कौलं जशी पागोळीकडून आढ्याकडे चढवत नेतात, तसंच इथे शेपटीकडून डोक्याकडे जायचं, म्हणजे प्रत्येक खवल्याचं मोकळं टोक मागे राहतं आणि पुढची रांग आधीच्या रांगेची शिवण झाकते. डोक्याकडून सुरुवात केली तर सगळं उलटं बसतं आणि पुन्हा उसवावं लागतं. दाभणाने दोन टाके पुरेत. चेहरा आणि पोट कागदाचंच ठेवा, गेरूचा पातळ हात द्या.

एवढे खवले एकेक करून शिवताना मुलांच्या हातांना तो प्राणी पाठ होतो. रांगा मोजायला कुणी सांगावं लागत नाही.

डिसेंबर-जानेवारी: भिंत

जागा निवडताना एकच बघा: माणसं कुठे रेंगाळतात? एसटीचा थांबा, रेशन दुकान, पिठाची गिरण, पाणवठा. शाळेची आतली भिंत ज्यांना आधीच माहीत आहे त्यांनाच दिसते.

जांभ्याची गिलावा नसलेली भिंत घेऊ नका, रंग टिकत नाही. गिलावा असलेल्या भिंतीवरचं शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडून धुवा आणि आठवडाभर कडक वाळू द्या. मग एक्स्टिरिअर प्रायमर, त्यावर एक्स्टिरिअर अ‍ॅक्रिलिक इमल्शनचे दोन हात. दहा फूट बाय दहा फूट भिंतीला मूळ रंग साधारण दोन लिटर लागतो. पोस्टर कलर पहिल्या पावसात वाहून जातो आणि वाहून गेलेलं चित्र दुर्लक्ष झाल्यासारखं दिसतं.

मुलांच्या चित्रांतून एक निवडून कागदावर चौकटी आखा, भिंतीवर गेरूत बुडवलेल्या दोरीने त्याच प्रमाणात मोठ्या चौकटी मारा आणि एकेका चौकटीतली रेषा वर उतरवा. ही जुनी पद्धत अजून सगळ्यात सोपी. प्रत्येक मुलाला एक चौकट दिली की भांडणं होत नाहीत. सपाट रंग मोठ्यांनी भरावेत, बाह्यरेषा ज्याचा हात स्थिर त्याने.

भिंतीवर मजकूर किती? दोन ओळी. एक प्राण्याची, एक फोनची. 'वाळवी खाणारा आपला राखणदार' आणि खाली 'दिसला तर धरू नका, १९२६ ला कळवा'. आकडे हाताच्या पंजाएवढे मोठे, चालत्या एसटीतून वाचता आले पाहिजेत. देणगीदारांची नावं, शुभेच्छुकांचे फोटो यांना भिंतीवर जागा नाही. वाईटपणा आला तरी चालेल. हा नियम आधीच ग्रामसभेच्या ठरावात लिहून घेतला तर वाईटपणा वैयक्तिक येत नाही.

नमन आणि शक्ती-तुरा

इथे शहरातून आलेले उत्साही लोक हमखास पथनाट्य बसवतात. गावात स्वतःचं नमन मंडळ असताना पथनाट्य कशाला? मंडळाला माहितीचा तो एक कागद द्या, 'किंमत नको, जागा नको' एवढी अट घाला आणि बाजूला व्हा. गौळणीत मावशी आणि पेंद्या असतातच. नमुन्यादाखल चार ओळी, मंडळ यापेक्षा चांगलं रचेल:

'मावशे, काल रात्री परसात जनावर आलं, अंगभर खवलं.'
'मग धरलंस की नाही रे मेल्या?'
'धरू कशाला? माडाखालची वाळवी खाऊन गेलं, मजुरी पण मागितली नाही.'
'अरे, त्याच्या खवल्याचा गंडा करतात म्हणे!'
'नखाचा गंडा? मग तुझ्या पायाची नखं काढून दे, ओवून तुझ्याच गळ्यात बांधतो!'

माणसं हसली की वाक्य घरी जातं. शक्ती-तुरा म्हणजे दोन पक्षांतली गाण्यांची जुगलबंदी, त्यात तर सवाल-जवाबाची परंपराच आहे. एका बाजूने कोडं घालायचं, दात नाहीत तरी जेवतो, भ्याला तरी पळत नाही, सांग तो कोण. दुसऱ्या बाजूने उत्तर देऊन उलटा सवाल करायचा. शिकवण्याची याहून चांगली पद्धत मला तरी माहीत नाही.

ही युक्ती जगात इतरत्रही फळलेली आहे. कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावर १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथला पोपट शंभराच्या आसपास उरला होता. पॉल बटलर या तरुणाने गाणी, पोपटाचा पोशाख, शाळाभेटी यांतून तो पोपट म्हणजे आपल्या बेटाची शान आहे हे लोकांच्या मनात रुजवलं. १९७९ साली तो राष्ट्रीय पक्षी झाला आणि त्याची संख्या पुढे वाढली. आपल्याकडे आसाममध्ये पूर्णिमा देवी बर्मन यांनी हरगिला, म्हणजे मोठा क्षत्रबलाक, घाणेरडा आणि अपशकुनी मानला जात असताना गावच्या बायकांना एकत्र केलं. पक्ष्याच्या विणीच्या काळात बायका त्याचं डोहाळजेवण करू लागल्या, मागावर गमछा आणि साड्यांत हरगिल्याची नक्षी विणू लागल्या. आज या हरगिला आर्मीत दहा हजारांहून जास्त बायका आहेत, आणि २०२२ मध्ये बर्मन यांना संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' सन्मान मिळाला. दोन्हीकडे लोकांना दया दाखवायला सांगितलं गेलं नाही, अभिमान बाळगायला सांगितला गेला.

विकायच्या वस्तू

बचत गटाला पिशव्या, पोटल्या, कापडी खेळणी करायची असतील तर उत्तम. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या कारागिरांकडून सुटे भाग जोडलेलं, वळून गोळा होणारं खवले मांजर करून घेता आलं तर पोरं त्यावर तुटून पडतील. पैशाचं मात्र आधी ठरवा: करणारणीला किती, कच्च्या मालाला किती, उपक्रमाला किती. 'सगळा नफा संवर्धनाला' हे लेबलवर शोभतं, पण शिवणाऱ्या ताईला काही मिळत नसेल तर पुढच्या वर्षी ती येणार नाही. लेबलवर तोच मजकूर: वाळवी, नख, १९२६.

फेब्रुवारी: मिरवणूक आणि त्यानंतरचं खरं काम

तिसऱ्या शनिवारी विरीचं खवले मांजर वाडीवाडीतून फिरवा. पालखीत बसवायचं असेल तर गुरव, मानकरी यांना विचारल्याशिवाय नाही. तो त्यांचा मान आहे, आणि त्यांनी होकार दिला तरच त्या पालखीला वजन. नकार आला तर हातगाडीवर, ढोल-ताशासह काढा, बिघडत नाही. संध्याकाळी नमन. वनरक्षकांना बोलवा आणि भाषणाऐवजी त्यांच्या हस्ते एक प्रात्यक्षिक करून घ्या: प्रतिकृती वाटेवर ठेवायची, एका मुलाने फोन लावायचा, बाकीच्यांनी गर्दी मागे सारायची, कुत्री बांधायची. पाच मिनिटांचं काम आहे, पण खरी वेळ आली की हेच आठवतं.

मार्चमध्ये पुन्हा त्याच घरांत तेच प्रश्न विचारा. 'धरून ठेवू' म्हणणारी किती घरं 'फोन करू' वर आली? चित्रं किती झाली, टाळ्या किती पडल्या, वर्तमानपत्रात बातमी आली का, हे मोजू नका. दुसरं मोजमाप वनखात्याकडे असतं: तुमच्या भागातून किती फोन आले. ही नोंद त्यांच्याकडेच राहू द्या, फलकावर लावू नका. फोन वाढले तर प्राणी वाढले असं समजायचं कारण नाही, माणसं कळवायला लागली एवढाच त्याचा अर्थ.

कधीतरी तो फोन तुम्हालाच येईल, रात्री अकराला, 'गोठ्यामागे गोळा होऊन पडलंय' म्हणून. तेव्हा करायचं ते एवढंच. आधी १९२६ आणि ओळखीच्या वनरक्षकांना कळवा. माणसं आणि कुत्री वीस-पंचवीस पावलं लांब ठेवा. विजेऱ्या बंद करा किंवा जमिनीकडे वळवा. पोत्यात, पिंपात, टोपलीखाली कोंडू नका. दूध, पाणी, भात काही देऊ नका. उलगडून बघायचा प्रयत्न तर नकोच. जखम दिसत नसेल आणि आजूबाजूला शांतता झाली, तर बऱ्याचदा ते थोड्या वेळाने स्वतःच उलगडतं आणि झाडीत निघून जातं. जखमी असेल, विहिरीत किंवा फासकीत अडकलं असेल, तर वनखात्याची माणसं येईपर्यंत तिथे कुणीतरी थांबायचं. आणि फोटो काढलाच असेल कुणी, तर तो वनरक्षकांना द्यायचा, गावच्या ग्रुपवर नाही.